अधिक एकची तलवार

नोव्हेंबर २०११ मध्ये 'स्कायरिम' हा व्हिडिओ गेम बाजारात आला आणि बघता बघता जगभरच्या खेळाडूंनी लोखंडी खंजिरांचे कारखाने काढले. या खेळात लोहारकाम हे एक कौशल्य आहे आणि ते काम करता करता वाढतं. एका खंजिराला लागते लोखंडाची एक लगड आणि कातड्याची एक पट्टी. सुरुवातीच्या नियमांत खंजीर घडवा नाहीतर भारी चिलखत, हात सारखाच बसायचा. मग महाग माल कोण वाया घालवणार? व्हाइटरन शहराच्या वेशीतून आत शिरताच एड्रियन नावाच्या लोहारणीची भट्टी लागते. तिथे उभं राहायचं, शेकडो खंजीर ठोकायचे, कवडीमोलानं विकून टाकायचे आणि बाहेर पडताना ड्रॅगनच्या हाडांचं चिलखत घडवण्याइतकं कसब घेऊन निघायचं. २०१२ च्या एका अपडेटमध्ये खेळ बनवणाऱ्या कंपनीनं नियम बदलला आणि घडवलेल्या वस्तूच्या किमतीनुसार कौशल्य वाढू लागलं. खेळाडू लगेच सोन्याच्या अंगठ्यांकडे वळले, कारण लोखंडाच्या खनिजाचं आधी चांदीत आणि मग सोन्यात रूपांतर करणारा मंत्र खेळातच होता.

खंजिरांची ही गोष्ट वरवर गमतीची वाटते, पण रोल-प्लेइंग गेम रचणाऱ्यांपुढचा सगळ्यात अवघड प्रश्न तिच्यात आहे. तलवारीला धार लावून देणं, चिलखत मजबूत करून देणं, औषधाचा गुण वाढवून देणं हे सगळेच खेळ करतात. त्या बदल्यात ते खेळाडूकडून काय मागतात, ते महत्त्वाचं. कुणी वेळ मागतं, कुणी हिंमत, कुणी डोकं, कुणी नशीब आणि हल्ली कुणी सरळ पैसे. माझ्या मते एखादा खेळ आपल्या खेळाडूला काय समजतो, हे या एका व्यवहारात जितकं स्वच्छ दिसतं तितकं त्याच्या कथेतही दिसत नाही.

या व्यवहाराचं मूळ संगणकाच्या पडद्यावर नाही, टेबलावर आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं गाव आहे. तिथून १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाहेर पडला. फासे, कागद, पेन्सिल आणि चार मित्र एवढीच त्याची सामग्री. जादूच्या तलवारीपुढे अधिक १, अधिक २ असे आकडे लिहिण्याची पद्धत तिथूनच रुळली आणि पन्नास वर्षं झाली तरी मोबाइलवरच्या खेळांतही हत्याराच्या नावापुढे तोच अधिक आकडा चमकत असतो.

या अधिक १ चं मोल किती? खेळात २० बाजूंचा फासा टाकतात, म्हणजे प्रत्येक बाजूची शक्यता ५ टक्के. समोरच्या राक्षसाला वार लागायला १५ किंवा त्याहून जास्त पडायला हवेत असं धरू. १५ ते २० अशा सहा बाजू, म्हणजे ३० टक्के. अधिक १ ची तलवार असेल तर १४ पडले तरी चालतात, म्हणजे ३५ टक्के. फार काही वाटत नाही. पण राक्षस इतका चिवट असेल की २० च पडायला हवेत, तर साध्या तलवारीनं ५ टक्के आणि अधिक १ नं १० टक्के, म्हणजे लागणारे वार थेट दुप्पट. उलट ५ पडले तरी भागतं अशा दुबळ्या शत्रूसमोर ८० चे ८५ होतात, कुणाच्या लक्षातही येत नाही. तलवार तीच, आकडा तोच, पण समोर कोण उभा आहे त्यावर त्याचं वजन ठरतं. तलवारीवर पैसे घालायचे की चिलखतावर, हा वाद खेळाडूंत कधीच मिटत नाही, त्याचं कारण हेच.

चिलखताचं गणित तर याहून फसवं आहे. 'स्कायरिम'मध्ये चिलखत लागलेल्या वारातला ठरावीक टक्का अडवतं. शत्रूच्या एका वारात २० ची इजा होते आणि आपल्याकडे १०० चं आयुष्य आहे असं समजा. चिलखत नसेल तर पाचव्या वाराला आपण आडवे. ५ टक्के अडवणारं चिलखत घातलं की इजा १९ ची होते आणि सहावा वार लागतो. म्हणजे ५ टक्क्यांनी एक वार वाचवला. आता ७५ टक्के अडवणारं चिलखत घ्या. इजा ५ ची, वार २०. त्यात तेच ५ टक्के वाढवून ८० केले की इजा ४ ची, वार २५. ९५ टक्क्यांना १०० वार. आणि १०० टक्के झाले की खेळ संपला, कारण मरणच उरलं नाही.

म्हणून 'स्कायरिम'नं ८० टक्क्यांवर कुंपण घातलंय. शिरस्त्राण, अंगरखा, हातमोजे आणि बूट असं चारही अंगांवर चिलखत असेल, तर पडद्यावरचा आकडा ५६७ झाला की ही मर्यादा गाठली जाते. त्यापुढे कितीही ठोकाठोक केली तरी पडद्यावर आकडा वाढतो, अंगाला मात्र काही लागत नाही. हे माहीत नसल्यानं कित्येक जण ५६७ च्या पुढे तासन्‌तास भट्टीपाशी घाम गाळत बसतात. खेळ ही गोष्ट कुठे सांगत नाही, आणि ती सांगायला हवी होती असं मला ठामपणे वाटतं. ज्या कष्टांना फळ नाही, ते करू देऊन गप्प बसणं बरं नव्हे.

याच खेळात एक सुरेख साखळीही आहे. धारेचं चाक हत्यारासाठी, कामाचं टेबल चिलखतासाठी, आणि शिवाय काढे उकळायची जागा आणि वस्तूंत जादू भरायची जागा. प्रत्येक वनस्पतीचे, कीटकाचे, बुरशीचे चार गुण असतात. दोन घटकांचा एखादा गुण जुळला की काढा तयार होतो. गहू आणि निळं डोंगरी फूल एकत्र केलं की जखम भरणारं औषध मिळतं. ब्लिस्टरवर्ट आणि चमकणारं अळंबं एकत्र केलं की लोहारकामाचा हात काही क्षणांपुरता सुधारणारा काढा होतो. तो पिऊन लगेच ऐरणीकडे धावायचं. निळ्या फुलपाखराचे पंख आणि स्नोबेरी यांचा काढा जादू भरण्याचं बळ वाढवतो. ते बळ वापरून अंगठीत वैद्यकीची शक्ती भरायची, ती अंगठी घालून आणखी जालीम काढा करायचा, तो पिऊन आणखी जालीम अंगठी. अमुक फुलाचे गुण काय, हे कळण्याचा एक साधा मार्ग म्हणजे ते तोंडात टाकणं. पहिला गुण लगेच कळतो, बाकीचे प्रयोगांतून शोधायचे. इथे खेळाडूची जिज्ञासा हीच किंमत आहे, आणि ती देताना कुणी कुरकुरत नाही.

पण आपण बळकट होत असताना समोरचेही तेवढेच बळकट होत गेले तर? 'स्कायरिम'च्या आधीचा 'ओब्लिव्हियन' २००६ चा. त्यात खेळाडूची पातळी वाढली की शत्रूंची आयुधंही आपोआप वाढत. मग रस्त्यावरचा वाटमारी करणारा लुटारू अंगावर दुर्मीळ काचेचं चिलखत घालून आडवा येतो आणि १०० मोहरा मागतो. त्याच्या अंगावरचंच विकलं असतं तर त्याची जन्माची ददात मिटली असती. अशा जगात तलवार सुधारण्यातला आनंदच निघून जातो, कारण काल जिथे मार खाल्ला तिथे आज जाऊन उट्टं काढण्याची सोय राहत नाही.

जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीनं नेमकी उलटी वाट धरली. हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली २०२२ मध्ये आलेल्या 'एल्डन रिंग'मध्ये शत्रू आपापल्या जागी, आपापल्या ताकदीनं उभे असतात. आपण कच्चे असू तर मार खायचा, नाहीतर दुसरीकडे जाऊन तयारी करून यायचं. इथली साधी हत्यारं अधिक २५ पर्यंत जातात. त्यासाठी स्मिदिंग स्टोन लागतात, म्हणजे घडणावळीचे दगड, आणि त्यांच्या ८ प्रती आहेत. पहिल्या पायरीला पहिल्या प्रतीचे २ दगड, दुसरीला ४, तिसरीला ६, मग पुढची प्रत आणि पुन्हा २, ४, ६. असे प्रत्येक प्रतीचे १२, एकूण ९६ दगड घातले की हत्यार अधिक २४ होतं. शेवटच्या पायरीला प्राचीन ड्रॅगनचा एकच दगड पुरतो, पण तो साऱ्या खेळात मोजकाच सापडतो.

हे ९६ दगड मिळतात कुठे? सुरुवातीला चर्च ऑफ एलेहच्या पडक्या भिंतींत एक साधं टेबल आहे, तिथे अधिक ३ पर्यंतच काम होतं. पुढचं काम राउंडटेबल होल्डमधल्या ह्यूग नावाच्या बेड्या घातलेल्या लोहाराकडे. दगड मात्र खाणींत आहेत. नकाशा नीट न्याहाळला तर काळपट तोंडाची गोल खूण दिसते, ती खाण. आत अंधार, भिंतीत चमकणारे दगड, टिकाव मारणारे खाणकामगार आणि शेवटी एखादा दांडगा पहारेकरी. काही खाणींत खाणकामगाराची घंटा सापडते. ती राउंडटेबलमधल्या दुकानदारणींना दिली की त्या प्रतीचे दगड विकत मिळू लागतात. म्हणजे जो हिंडला, ज्यानं नकाशा वाचला, त्याची तलवार धारदार झाली. जो एकाच राक्षसाशी डोकं आपटत बसला, त्याची राहिली बोथट. पहिल्यांदा खेळणाऱ्याला माझं सांगणं एकच असतं, की आधी हत्याराकडे बघा. चिलखत तिथे अधिक होतच नाही, आणि सुरुवातीला स्वतःच्या ताकदीचा आकडा वाढवण्यापेक्षा हत्याराच्या दोन पायऱ्या जास्त उपयोगी पडतात. प्रत्येक हत्यारापुढे ई पासून एस पर्यंत अक्षरं असतात. आपलं बळ, चपळाई, बुद्धी यांतला किती वाटा वारात उतरतो, ते ती अक्षरं सांगतात. हत्यार घडत गेलं की मूळ मारा वाढतो, आणि बहुतेक वेळा हा वाटाही वाढतो.

दगड जमवण्याचं गणित खूप जुनं आहे. २००० च्या 'डायब्लो टू'मध्ये होराड्रिक क्यूब नावाची जादूची पेटी होती. तीन सारखे खडे घातले की एक वरच्या प्रतीचा खडा. प्रती ५. म्हणजे सगळ्यात हलक्या, कपचे उडालेल्या खड्यापासून सगळ्यात वरच्या प्रतीच्या खड्यापर्यंत पोचायला ३ गुणिले ३ गुणिले ३ गुणिले ३, एकूण ८१ खडे. गणित सोपं आणि उघड होतं, त्यात कुणी फसत नव्हतं.

नशिबाचा भाग आला की मात्र चित्र पालटतं. १९८७ पासून आजवर खेळला जाणारा 'नेटहॅक' घ्या. पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं, पण खोली अथांग. त्यात एक मंत्रपत्र वाचलं की हातातलं हत्यार सुधारतं. अधिक ५ पर्यंत निर्धास्त. त्याच्या वर गेलेल्या हत्यारावर पुन्हा मंत्र टाकला तर तीनांतून दोन वेळा ते काही क्षण लखलखतं आणि वाफ होऊन नाहीसं होतं. जाणते खेळाडू म्हणूनच अधिक ५ ला आल्यावर शुद्ध केलेलं मंत्रपत्र वाचतात, कारण ते एका झटक्यात अधिक ७ पर्यंत नेऊ शकतं. जोखीम आहे, पण नियम कायम आहे आणि अभ्यास करणाऱ्याला तो वाकवता येतो. हरलात तर गेला तो त्या डावापुरता.

दक्षिण कोरियाच्या ऑनलाइन खेळांनी हीच जोखीम उचलली आणि तिचा बाजार केला. २००२ चा 'रॅग्नारॉक ऑनलाइन' भारतातही काही वर्षं स्वतःच्या सर्व्हरवर चालला. त्यात हत्यारांच्या चार श्रेणी. पहिल्या श्रेणीचं हत्यार अधिक ७ पर्यंत बिनधोक, दुसरीचं ६, तिसरीचं ५, आणि चौथ्या, म्हणजे सगळ्यात मौल्यवान श्रेणीचं फक्त ४. चिलखतही ४ च. त्यापुढे लोहाराच्या हातोड्याखाली वस्तू गेली आणि नशीब फिरलं की तुकडे, आणि त्यात बसवलेली कार्डंही गेली. ही कार्डं राक्षसांकडून १० हजारांत एकदा मिळावीत इतकी दुर्मीळ असत. महिन्यांची कमाई एका ठोक्यात मातीमोल व्हायची. तरीही हे सगळं खेळातल्या कमाईवर होतं. पुढे अशाच ठोक्यासाठी खरे पैसे घेतले जाऊ लागले, आणि तिथे खेळाचा जुगार झाला असं मी म्हणेन.

'मेपलस्टोरी' या खेळात आयुधांचे गुण नव्यानं उलटसुलट करणारी क्यूब पैसे देऊन घ्यावी लागत असे. कोणता गुण निघण्याची शक्यता किती, हे खेळाडूंना ठाऊक नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण कोरियाच्या व्यापार आयोगानं हा खेळ चालवणाऱ्या नेक्सॉन कंपनीला सुमारे ११६० कोटी वॉनचा दंड ठोठावला, कारण खेळाडूंना न सांगता या शक्यता त्यांच्या तोट्याच्या दिशेनं बदलल्या गेल्या होत्या आणि सगळ्यांना हव्या असलेल्या काही गुणांच्या जोड्या निघूच शकणार नाहीत अशी व्यवस्था होती. लोक वर्षानुवर्षं पैसे घालत होते, आणि जे मागत होते त्याची शक्यता शून्य होती. त्याच वर्षीच्या २२ मार्चपासून तिथे अशा वस्तूंच्या शक्यता जाहीर करणं कायद्यानं बंधनकारक झालं. चीननं तो नियम मे २०१७ पासूनच लागू केला होता. घरातलं मूल मोबाइलवर तलवार 'अपग्रेड' करायला पैसे मागत असेल, तर शक्यतेचा टक्का कुठे लिहिलाय ते त्याच्या सोबत बसून शोधावं. सापडत नसेल तर पैसे देऊ नयेत.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये आणलेला 'राजी: अॅन एन्शंट एपिक' याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. तो पुरता रोल-प्लेइंग नव्हे, साहसी मारामारीचा खेळ. त्रिशूळ, धनुष्य अशा आयुधांना वीज, बर्फ, अग्नी यांची शक्ती देता येते, आणि एका शक्तीत घातलेले गुण काढून दुसरीत घालता येतात. चूक केली म्हणून शिक्षा नाही. नव्या खेळाडूला हे फार दिलासा देणारं असतं. मात्र काही गमवावं लागत नाही, त्यामुळे निवडीला धारही कमी येते, हेही खरं.

राहता राहिली औषधं, आणि मला स्वतःला सगळ्यात रस आहे तो त्यांत. १९८० च्या 'रोग' नावाच्या खेळात औषधांचे रंग दर नव्या डावात बदलत. या डावातलं निळं औषध जखम भरणारं, पुढच्या डावातलं निळं विषारी. प्यायल्याशिवाय कळायचं नाही. संकट नसताना पिऊन बघावं तर चांगलं औषध वाया, संकटात प्यावं तर जिवाशी गाठ. हा पेच इतका घट्ट बांधलेला आहे की आजही त्याला तोड नाही.

औषधाची खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. लोक ते पितच नाहीत. 'फायनल फँटसी'तलं एलिक्सर सगळं आयुष्य एका घोटात भरून काढतं, आणि ते ठेवणीतल्या शालूसारखं पेटीतच राहतं. याहून मोठं संकट पुढे असेल, तेव्हा वापरू, असं म्हणत खेळाडू शेवटच्या राक्षसालाही हरवतात. अर्धा खेळ ज्यासाठी वणवण केली, ती वस्तू बुचासकट उरते. फ्रॉमसॉफ्टवेअरच्याच २००९ च्या 'डीमन्स सोल्स'मध्ये जखमेवरचं गवत हवं तितकं साठवता यायचं, त्यामुळे दुसरं टोक गाठलं गेलं. खिसे गवतानं भरून यायचं आणि लढाई न शिकताच चरत चरत जिंकायची.

२०११ च्या 'डार्क सोल्स'नं यावर काढलेला तोडगा हा या क्षेत्रातल्या सगळ्यात शहाण्या युक्त्यांपैकी एक. एस्टस नावाची एकच कुपी. तिच्यात ठरावीक घोट, सुरुवातीला ५. शेकोटीपाशी बसलं की कुपी आपोआप भरते, पण त्याच क्षणी मारलेले शत्रूही उठून उभे राहतात. साठवण्यात अर्थच उरला नाही. प्यायला संकोच नाही आणि घोट मोजकेच असल्यानं बेफिकिरीही नाही. शेकोटी पेटवत नेली की घोट वाढून २० पर्यंत जातात, आणि अग्निरक्षिकेचा आत्मा अर्पण केला की प्रत्येक घोटाचा गुण वाढतो. 'एल्डन रिंग'नं हेच दोन धागे वेगळे ठेवले. सोनेरी बियांनी घोटांची संख्या १४ पर्यंत, पवित्र अश्रूंनी ताकद अधिक १२ पर्यंत. मधल्या काळात २०१५ च्या 'ब्लडबोर्न'मध्ये कंपनी पुन्हा साठवणीच्या रक्तकुप्यांकडे वळली होती, आणि एका राक्षसापाशी अडकलेल्या खेळाडूला लढाई सोडून कुप्या गोळा करत फिरावं लागायचं. पुढच्या खेळांत एस्टसची पद्धत परत आली, ती उगाच नव्हे.

'ब्लडबोर्न'च्याच वर्षी पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडनं 'विचर थ्री'मध्ये दुसरा मार्ग काढला. आंद्झेय सापकोव्स्की यांच्या कादंबऱ्यांतला गेराल्ट राक्षसांशी लढण्याआधी काढे पितो, आणि ते साध्या माणसाला मारून टाकतील इतके जहरी असतात. खेळात 'स्वॉलो' नावाचं औषध करायला ड्वार्व्हन दारू, सेलंडाइनची ५ फुलं आणि पाण्यात दडणाऱ्या ड्राउनर राक्षसाचा मेंदू लागतो. पण हे साहित्य एकदाच जमवायचं. पुढे ध्यानाला बसलं आणि जवळ कडक दारूची एखादी बाटली असली की सगळी औषधं पुन्हा भरतात. वरच्या प्रतीच्या पाककृती सापडत गेल्या की गुण आणि घोट दोन्ही वाढतात. अट एकच. प्रत्येक घोटानं अंगातलं विष चढतं, गेराल्टच्या चेहऱ्यावर काळ्या शिरा उमटतात, आणि मर्यादा ओलांडली की औषधच जीव घेऊ लागतं.

आणि २०२३ च्या 'बाल्डर्स गेट थ्री'त वर्तुळ पुन्हा टेबलावरच्या फाशांपाशी येतं, कारण तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमांवरच बेतलेला आहे. साधं औषध म्हणजे चार बाजूंचे दोन फासे अधिक २, कमीत कमी ४ आणि जास्तीत जास्त १० चं आयुष्य परत. मूळ नियमांत औषध पिण्यात पाळीतली मुख्य कृती खर्च व्हायची, म्हणून टेबलावर ते कुणी फारसं पीत नसे. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओनं ते पिणं एका जादा, छोट्या कृतीत बसवलं. शिवाय बाटली फेकायची मुभा दिली. ती जमिनीवर फुटली की शिंतोड्यांच्या टापूत असलेल्या सगळ्यांना गुण येतो. म्हणून अनुभवी खेळाडू दोघे सवंगडी शेजारी शेजारी कोसळले की बाटली त्यांच्या मधोमध फोडतात आणि दोघेही एकदम उठून उभे राहतात. फेकताना शत्रू त्या टापूत नाही ना, तेवढं बघायचं, कारण औषधाला आपला-परका कळत नाही.